घरच्या घरी कॅरमल ॲपल

सहा मध्यम, कडक आणि आंबटसर सफरचंदं घ्या. भुसभुशीत, नुसती गोड सफरचंदं कॅरमलबरोबर मिळमिळीत लागतात. खरा घोटाळा करतं ते सालीवरचं मेण: कॅरमल त्यावरून घसरून तळाशी गोळा होतं. म्हणून सफरचंदं उकळत्या पाण्यात पाच-सहा सेकंद बुडवून खरखरीत फडक्याने पुसा, पूर्ण कोरडी करा, देठाच्या जागी जाड काडी खोचा. फ्रिजमधून काढलेली लगेच वापरू नका, सालीला पाणी सुटतं.

जाड बुडाच्या पातेल्यात २०० ग्रॅम साखर, १२० मिली लिक्विड ग्लुकोज, २४० मिली क्रीम, ६० ग्रॅम बटर आणि पाव चमचा मीठ मध्यम आचेवर ढवळत शिजवा. मिश्रण फसफसून वर येतं, तेव्हा पातेलं उंचच हवं. ग्लुकोज वगळू नका. त्यामुळेच साखर पुन्हा रवाळ होत नाही. थर्मामीटरवर ११८ अंश सेल्सिअस दिसताच गॅस बंद. ११३ला उतरवलं तर ओघळतं, १२५च्या पुढे दातांची परीक्षा. थर्मामीटर नसेल तर थेंब गार पाण्यात टाका; घट्ट, पण दाबल्यावर चपटी होणारी गोळी व्हायला हवी.

९५ अंशांपर्यंत निवू द्या, मगच बुडवा. फार गरम असेल तर थर पातळ बसतो, शिवाय अंगावर उडालं तर चिकटून भाजतं. पातेलं तिरकं करून सफरचंद गोल फिरवा, निथळवा आणि बटर लावलेल्या बेकिंग पेपरवर ठेवा. दाण्याचा कूट मिनिटभरात लावा.

काडीच्या छिद्रातून रस झिरपतो आणि कॅरमलखाली जंतू वाढू शकतात. फ्रिजमध्येच ठेवा, तीन दिवसांत संपवा.