टॉमकॅटला डेटाबेस जोडण्याआधी

टॉमकॅट म्हणजे जावाची वेब अ‍ॅप चालवणारा सर्व्हर. त्यात डेटासोर्सची (अ‍ॅपने कोणत्या डेटाबेसशी कसं जोडायचं याची) नोंद जेमतेम दहा ओळींची असते आणि ती कुठूनही उचलता येते. अडतं ते बहुतेक वेळा त्या दहा ओळींच्या बाहेर. म्हणून ही तयारी डेटाबेसच्या बाजूने सुरू होते, फाइल उघडायची वेळ बरीच नंतर येते. उदाहरणं टॉमकॅट ९ व १०.१ आणि मायएसक्यूएल ८ ची आहेत. पोस्टग्रेसचं वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे. सेटिंगची नावं इथे देवनागरीत असली तरी फाइलमध्ये ती रोमन लिपीत, जोडून आणि लहान-मोठी अक्षरं सांभाळून लिहायची: मॅक्सटोटलचा एम लहान, टी मोठा.

आधी युजर. अ‍ॅपला रूट (सर्वाधिकार असलेला युजर) देऊ नका; वेगळा युजर करा आणि त्याला सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट, डिलीट एवढेच हक्क द्या. मायएसक्यूएलमध्ये युजर म्हणजे नाव अधिक होस्ट, त्यामुळे लोकलहोस्टवरचा ‘अ‍ॅप’ आणि १०.०.०.१२ वरून येणारा ‘अ‍ॅप’ हे दोन वेगळे युजर धरले जातात. टॉमकॅट ज्या मशीनवर चालणार तिथूनच कमांड लाइनने लॉगिन करून बघा. डेटाबेस त्याच मशीनवर असेल तर होस्ट म्हणून लोकलहोस्ट न देता १२७.०.०.१ द्या. लिनक्सवर लोकलहोस्ट म्हटलं की मायएसक्यूएलचा क्लायंट सॉकेट फाइलने आत शिरतो, जावाचा ड्रायव्हर (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) मात्र टीसीपीने, म्हणजे नेटवर्कच्या वाटेने, पोर्ट ३३०६ वर जातो; एक चाललं म्हणून दुसरं चालेलच असं नाही. पोस्टग्रेस मूळ सेटिंगमध्ये फक्त लोकलहोस्टवर ऐकतो. बाहेरून जोडायचं तर लिसन अ‍ॅड्रेसेस बदलून सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो आणि पीजी एचबीए (कोणाला कुठून आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या) फाइलमध्ये ओळ घालावी लागते. त्या फाइलला नुसतं रीलोड पुरतं.

मग आकडे, आणि इथे घाई नको. मायएसक्यूएलची कनेक्शनची मूळ मर्यादा १५१ आहे. पोस्टग्रेसची १००, त्यातली ३ सुपरयुजरसाठी राखीव. आता बेरीज करा: दोन टॉमकॅट, प्रत्येकावर दोन अ‍ॅप, प्रत्येक अ‍ॅपचा पूल (तयार ठेवलेल्या कनेक्शनचा साठा) ३० चा, म्हणजे १२०. त्यावर रात्रीचा बॅकअप, रिपोर्टचं काम आणि चार जणांनी उघडी ठेवलेली वर्कबेंच (डेटाबेस पाहायचं साधन). मायएसक्यूएलमध्ये हे कसंबसं बसतं, पोस्टग्रेसमध्ये पूल भरले की जोडणी नाकारली जाणारच. नवी आवृत्ती चढवताना जुनी आणि नवी थोडा वेळ सोबत चालणार असतील, तर तेवढ्यापुरता पूल दुप्पट धरा. टॉमकॅटच्या कनेक्टरमध्ये (विनंत्या स्वीकारणाऱ्या भागात) मूळ २०० थ्रेड असतात म्हणून पूलही २०० चा हवा, ही समजूत चुकीची आहे. प्रत्येक विनंतीचा डेटाबेसमधला वेळ सहसा थोडाच असतो. छोट्या कार्यालयीन अ‍ॅपला २० ते ३० पुरतात.

ड्रायव्हरची जार (जावाची लायब्ररी फाइल) टॉमकॅटच्या स्वतःच्या लिब फोल्डरमध्ये ठेवा, कारण पूल अ‍ॅप बनवत नाही, टॉमकॅट बनवतो. वॉरच्या (अ‍ॅपच्या एकत्र बांधलेल्या फाइलच्या) आतली प्रत काढा. मेव्हनमध्ये (जावाच्या बिल्ड साधनात) स्कोप प्रोव्हाइडेड केला की झालं. जार टाकल्यावर टॉमकॅट रीस्टार्ट हवा.

नोंद कुठे लिहायची, यावर बरेच घोळ होतात. सर्व्हरच्या मुख्य फाइलमध्ये, ग्लोबल नेमिंग रिसोर्सेसखाली लिहिली तर अ‍ॅपच्या कॉन्टेक्स्टमध्ये (त्या अ‍ॅपपुरत्या सेटिंगमध्ये) रिसोर्सलिंक, म्हणजे त्या नोंदीकडे बोट दाखवणारी ओळ, द्यावीच लागते. ती विसरली आणि वेब एक्सएमएलमध्ये रिसोर्स-रेफ (अ‍ॅपने केलेली डेटासोर्सची मागणी) मात्र असला, की ‘कॅनॉट क्रिएट जेडीबीसी ड्रायव्हर ऑफ क्लास’ आणि पुढे रिकामं अवतरण, यूआरएलच्या जागी ‘नल’, असा संदेश येतो आणि लोक ड्रायव्हर शोधत बसतात. ड्रायव्हरचा काही दोष नसतो. कॉन्फ फोल्डरमधल्या सामाईक कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये लिहिली तर ती प्रत्येक वेबअ‍ॅपला लागू होते, मॅनेजर आणि एक्झाम्पल्ससकट, आणि प्रत्येकाचा पूल वेगळा. वॉरच्या मेटा-इन्फमध्ये लिहिली तर पासवर्ड वॉरबरोबर फिरतो. सगळ्यांत बरी जागा म्हणजे कॉन्फ, त्यात कॅटालिना, त्यात लोकलहोस्ट, आणि तिथे अ‍ॅपच्या पाथच्या नावाची एक्सएमएल फाइल. मुळावरच्या अ‍ॅपसाठी नाव रूट, सगळं कॅपिटलमध्ये. वॉरमध्येही नोंद असली तरी टॉमकॅट हीच फाइल मानतो.

या जागेला एक खोड आहे. ऑटोडिप्लॉय (फाइल बदलली की अ‍ॅप आपोआप चढवणं-उतरवणं) चालू असताना, नवी टाकण्याआधी जुनी वॉर डिलीट केली, तर टॉमकॅट अ‍ॅप उतरवतो आणि त्यासोबत ही कॉन्टेक्स्ट फाइलही पुसतो. नवी वॉर येते, ‘नेम इज नॉट बाऊंड’ म्हणते आणि दोष नव्या कोडवर जातो. म्हणून फाइलची एक प्रत बाहेर ठेवा, आणि वॉर बदलताना टॉमकॅट आधी थांबवा. फाइलची परवानगी ६००, मालक टॉमकॅटचा युजर. पासवर्ड गुप्त लिपीत ठेवायचा आग्रह धरला तरी किल्ली त्याच मशीनवर ठेवावी लागते, त्यामुळे फायदा दिखाऊ. हवं तर पासवर्ड कॅटालिना प्रॉपर्टीज या टॉमकॅटच्या सेटिंग फाइलमध्ये ठेवून एक्सएमएलमध्ये डॉलर-महिरपी कंसाने त्याचा उल्लेख करा. सुरू करण्याच्या कमांडमध्ये मात्र देऊ नका, तो प्रोसेसच्या यादीत दिसतो.

आता त्या दहा ओळी. टाइप जावाएक्स डॉट एसक्यूएल डॉट डेटासोर्स असाच राहतो. टॉमकॅट १० ला जाताना सर्व्हलेटची पॅकेजं जकार्ता झाली, पण हा वर्ग जावाचाच असल्याने त्याचं नाव बदललेलं नाही; सरसकट फाइंड-रिप्लेस केलेल्या प्रकल्पात हा हमखास तुटतो. यूआरएलमधलं अँड चिन्ह एक्सएमएलमध्ये ‘एएमपी’ रूपात लिहा, नाहीतर फाइल वाचलीच जात नाही. मायएसक्यूएल ८ साठी एसएसएल (जोडणीचं एन्क्रिप्शन) बंद करायची जुनी सवय सोडा: ते बंद केलं की ‘पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड’ येऊ शकतं.

जुन्या नोंदी चिकटवताना नावं तपासा. टॉमकॅट ७ च्या काळातलं मॅक्सअ‍ॅक्टिव्ह (पूलमधली कमाल कनेक्शनं) पुढे मॅक्सटोटल झालं, मॅक्सवेटचं (कनेक्शनसाठी किती वाट पाहायची) मॅक्सवेटमिलिस. जुनं नाव दिलं तर टॉमकॅट अडत नाही. लॉगमध्ये इशारा देतो आणि पूल मूळ ८ वर ठेवतो. फाइलमध्ये ५० लिहिलेलं, चालू मात्र ८. गोंधळात भर म्हणजे नोंदीत ‘फॅक्टरी’ हे सेटिंग लिहून टॉमकॅटचा दुसरा, जेडीबीसी पूल निवडला असेल तर तिथे जुनीच नावं चालतात. मॅक्सवेटमिलिस मूळ उणे १ असतं, म्हणजे कनेक्शनसाठी अमर्याद वाट. पूल संपला की एकेक थ्रेड रांगेत अडकतो, साइट लटकते आणि सीपीयू निवांत दिसतो. १०००० द्या: दहा सेकंदांनी चूक तरी दिसेल.

मायएसक्यूएल ८ तास, म्हणजे २८८०० सेकंद, न वापरलेलं कनेक्शन तोडतो. फायरवॉल त्याहून लवकर तोडू शकते. सकाळी पहिल्याच माणसाला एरर आणि रिफ्रेश केल्यावर सगळं ठीक, हे त्याचंच लक्षण. मूळ पूलमध्ये टेस्टऑनबॉरो (कनेक्शन देण्याआधी ते जिवंत आहे का पाहणं) चालूच असतं. जेडीबीसी पूलमध्ये ते बंद असतं, तिथे ते चालू करून व्हॅलिडेशन क्वेरी ‘सिलेक्ट १’ अशी द्या.

कनेक्शन परत न करणारा कोड असेल तर रिमूव्हअबँडन्डऑनबॉरो (परत न आलेली कनेक्शनं काढून घेणं) आणि लॉगअबँडन्ड (त्यांची लॉगमध्ये नोंद) चालू करा. कोणत्या ओळीने कनेक्शन घेतलं ते लॉगमध्ये येतं. पण पूल जवळपास भरेपर्यंत ही सफाई होत नाही: रिकामी कनेक्शनं दोनहून कमी आणि वापरातली कमाल संख्या वजा तीनच्या वर असावी लागतात. शिवाय मूळ मुदत ३०० सेकंद आहे, म्हणजे सात मिनिटं चालणारी एकच रिपोर्ट क्वेरी मध्येच कापली जाऊ शकते. हा उपाय शोधापुरता. खरी दुरुस्ती कोडमध्ये, ट्राय-विथ-रिसोर्सेसने (काम संपताच कनेक्शन आपोआप बंद करणाऱ्या जावाच्या रचनेने).

मराठी मजकूर साठवणार असाल तर टेबलांचा कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ आहे का पाहा. मायएसक्यूएल ८ मध्ये तो मूळचाच, पण ५.७ वरून आणलेली टेबलं लॅटिन१ असू शकतात. पडद्यावर प्रश्नचिन्हं दिसली तर हेक्स फंक्शनने कॉलम बघा: देवनागरी नीट गेली असेल तर आकडे ई०ए४ किंवा ई०ए५ ने सुरू होतात, नुसते ३एफ दिसले तर मजकूर कायमचा गेला. आपल्याकडचा आणखी एक प्रकार वेळेचा. सर्व्हरचा टाइमझोन ‘आयएसटी’ असेल आणि ड्रायव्हर ८.०.२३ च्या आधीचा असेल, तर ‘आयएसटी’ म्हणजे नेमका कुठला हे त्याला ठरवता येत नाही आणि तो जोडणीच नाकारतो. यूआरएलमध्ये सर्व्हरटाइमझोन आशिया/कोलकाता द्या.

शेवटी चाचणी सर्व्हरवर रंगीत तालीम. मॅक्सटोटल २ आणि मॅक्सवेटमिलिस ५००० करा, अबँडन्डची सफाई बंद ठेवा आणि एकट्याने प्रत्येक स्क्रीन तीन-तीनदा उघडा. गळती असलेली (कनेक्शन परत न करणारी) स्क्रीन तिसऱ्या खेपेला पाच सेकंद थांबून एरर देईल. पहिल्याच खेपेला अडकली, तर तो कोड एका वेळी दोनहून जास्त कनेक्शनं धरतो आहे. मग अ‍ॅप चालू असताना डेटाबेस रीस्टार्ट करा. तो वर आला की टॉमकॅटला हात न लावता पुढची विनंती यशस्वी व्हायला हवी. आकडे पूर्ववत करा, आणि शो प्रोसेसलिस्ट (चालू कनेक्शनांची यादी देणारी मायएसक्यूएलची कमांड) चालवून अ‍ॅपच्या युजरची कनेक्शनं कागदावरच्या बेरजेत बसतात का ते मोजा.