परळच्या मोठ्या हॉस्पिटलला निघायच्या आधी बायोप्सीचा ब्लॉक घेतला का?

नानांचा आवाज सात-आठ महिने बसलेला, शेवटी स्वरयंत्रात गाठ निघाली, तुकडा तपासला (बायोप्सी) तर प्लाझ्मा सेलची, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशींची गाठ. आम्ही घाबरून त्याच रात्री रिपोर्ट घेऊन सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई गाठली आणि तिसऱ्या दिवशी तसेच सोलापूरला परत आलो, कारण ब्लॉक, म्हणजे तपासलेल्या तुकड्याचा मेणात बसवलेला नमुना, नेला नव्हता. साडेचारशे किलोमीटर, त्यात नानांना धाप. म्हणून हे लिहितोय.

आधार, रेशन कार्ड, जुनी फाइल तुम्ही घेणारच. सीटीची नुसती फिल्म नको, सीडी मागा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर बायोप्सीआधीच सांगा, या गाठीतून रक्त बरंच जाऊ शकतं. आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत असेल, आडवं झोपवत नसेल, तर रेल्वेत बसूच नका, आधी इथंच ॲडमिट करा, श्वासाची वाट मोकळी झाली की मग पुढचं.

आता ब्लॉक. बायोप्सी ज्या लॅबने तपासली तिथून स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही घ्यायचे. काडेपेटीपेक्षा लहान प्लास्टिकची जाळीदार डबी असते, तिच्यावर पांढरं मेण आणि मेणात तांदळाच्या कणीएवढा करडा ठिपका. मोठे डॉक्टर त्या ठिपक्याचे नवीन काप काढून सीडी १३८, कॅपा, लॅम्डा बघतात, म्हणजे पेशी कुठल्या जातीच्या आहेत ते ओळखायच्या खुणा. साध्या जुनाट सुजेतही प्लाझ्मा सेल जमतात पण त्यात कॅपा-लॅम्डा दोन्ही मिसळलेले असतात, गाठीत एकाच जातीच्या पेशी असतात, हा फरक कागदावरून कसा कळणार? लॅबवाले म्हणतील रिपोर्ट दिलाय की, साहेब नाहीत, उद्या या. उद्या जा, परवा जा, पण ब्लॉक हातात पडल्याशिवाय तिकीट काढू नका. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टच्या नंबराशी तिथंच उभं राहून ताडा. आणि मे महिन्यात तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते.

बाकी तपासण्या गाठ एकटीच आहे की मायलोमा, म्हणजे हाडांच्या मगजातला प्लाझ्मा सेलचा कॅन्सर आहे, हे बघायला असतात. हिमोग्लोबिन, कॅल्शियम, क्रिएटिनिन, रक्तातल्या प्रोटीनची इलेक्ट्रोफोरेसिस, फ्री लाइट चेन. २४ तासांच्या लघवीत सकाळची पहिली सोडून द्यायची, मग दुसऱ्या दिवशीची पहिली धरून सगळी कॅनमध्ये, एकदा जरी चुकली तरी पुन्हा पहिल्यापासून. बोन मॅरो (हाडातला मगज) कमरेच्या हाडातून काढतात, नाना नको नको म्हणत होते, पण ती टाळू नका, कारण मायलोमा निघाला तर इलाजच वेगळा, औषधांचा. पेट स्कॅनला उपाशीपोटी जायचं, शुगरवाल्यांनी गोळी-इन्सुलिनचं आधी विचारून घ्या.

गाठ एकटीच असेल तर बहुतेक वेळा रेडिएशन, साधारण ४० ते ५० ग्रे (किरणांच्या डोसचं माप), चार-पाच आठवडे, आठवड्यातले पाच दिवस. राहायची सोय आधीच बघा. दात सुरुवातीलाच दाखवा. घसा सोलल्यासारखा होतो, तिखट बंद, शेंगाचटणी घरीच ठेवा, पेज-ताक चालतं. नंतर आवाज चांगला झाला तरी तपासणी चालूच ठेवायची, काही जणांना पुढं काही वर्षांनी मायलोमा होतो.

आणि परत येताना त्यांच्याकडून ब्लॉक मागून घ्या, पावती जपून ठेवा.