गौरी यायच्या आधी: मुंबईच्या घरासाठी तयारीची यादी

सामान लिहायला बसण्याआधी सासूबाईंना, नाहीतर आईला, नाहीतर गावच्या काकूंना फोन लावा आणि विचारा: आपल्याकडे गौरी कशाच्या? खड्यांच्या, तेरड्याच्या की मुखवट्यांच्या? आणि नैवेद्य गोडाचा की तिखटाचा, म्हणजे मटण-मासळीचा? मुंबईत एकेका मजल्यावर तीन-तीन जिल्ह्यांची माणसं राहतात. समोरच्या अकोल्याच्या काकूंकडे पिलवंडांसकट, म्हणजे लेकरांसकट, महालक्ष्म्या (तिकडे गौरींना हेच म्हणतात) उभ्या असतात, शेजारच्या चिपळूणकरांकडे पाटावर पाच खडे, तर वरच्या मजल्यावर तेरड्याची गौर साडी नेसून बसलेली. तिन्ही बरोबरच. पण इंटरनेटवरच्या याद्यांत हे सगळं एकत्र कालवलेलं असतं आणि खड्यांच्या घरी उगाच मुखवट्यांची खरेदी होते. हौसेला मोल नाही हे मान्य, मात्र गौरींना एकदा सुरू केलेलं बंद करायला पुढची पिढी धजावत नाही. तेव्हा काही वाढवताना उद्याच्या सुनेचाही विचार करा.

मग कॅलेंडर. गौरी तिथीवर नाही, नक्षत्रावर येतात: अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. म्हणून तर घरचे गौरी-गणपती कधी पाच दिवसांचे, कधी सहा, कधी सात. ऑफिसातली रजा मागच्या वर्षीच्या हिशोबाने टाकू नका. आवाहनाची वेळ भर दुपारची निघाली तर हाफ-डे, हे आत्ताच ठरवून ठेवा.

खड्यांच्या गौरींना सामान सगळ्यात कमी, पण खडे आणायचे कुठून हा मुंबईतला खरा प्रश्न. रीत पाणवठ्यावरून आणायची, पाच किंवा सात, आणि येताना तोंडातून शब्द काढायचा नाही. यामागे ज्येष्ठागौरीची कहाणी आहे. पोरं गौर आणा म्हणून हट्ट धरतात, घरात दाणा नाही, म्हणून गरीब ब्राह्मण जीव द्यायला तळ्यावर जातो. तिथे त्याला एक म्हातारी सवाष्ण भेटते. तो तिला घरी आणतो, तर बायकोला कण्यांचं रिकामं मडकं भरलेलं दिसतं. दुसऱ्या दिवशी म्हातारी घावन-घाटलं मागते, मग खीर. दूध कुठलं, असं ब्राह्मण म्हणतो तेव्हा ती सांगते, खुंट पूर, दावी बांध आणि तिन्हीसांजेला गाईंना हाका मार. गाई येतात. ती म्हातारी म्हणजे गौर, आणि तळ्याच्या पाळीवरून खडे आणून पुजायला तिनेच सांगितलं. कोकणस्थांच्या घरी आजही घावन-घाटलं होतं ते तिच्याच फर्माइशीने. आता आपल्याकडे तळी कुठली राहिली? कोणी चौपाटीवरून खडे आणतं, कोणी सोसायटीच्या विहिरीपाशी जातं. विहीरही नसेल तर खडे नळाखाली धुऊन तुळशीपाशी ठेवावेत आणि तिथून आत आणावेत. भागतं.

तेरड्याची गौर असेल तर आवाहनाच्या आदल्या संध्याकाळी दादरला स्टेशनबाहेर जावं, किंवा अगदी पहाटे फुलबाजारात. जुडी घेताना वरची फुलं बघू नका, खाली बघा. मूळ शाबूत हवं, कारण तेरड्याची मुळं हीच गौरीची पावलं. देठापाशी छाटलेली जुडी विकणारी कितीही स्वस्त देवो, परत ठेवा. घरी आणल्यावर मुळांना ओला कपडा गुंडाळून ठेवा. त्याच फेरीत आघाडा, केनी, दूर्वा आणि विड्याची पानं घ्या.

मुखवटेवाल्यांना काम जास्त. माळ्यावरचे स्टँड आठवडाभर आधी काढून त्यांचे पाय डगमगतात का ते पाहा. कोथळ्यात (गौरीच्या धडात) किंवा खालच्या डब्यात गहू-तांदूळ भरले की वजन येतं, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने थोरली गौर ज्येष्ठा धाकट्या कनिष्ठेच्या अंगावर. साडी नेसवताना निऱ्या आधी पिनांनी बांधून घ्या, मग पदर. मुखवटा सगळ्यात शेवटी, मानेशी फडका गुंडाळून घट्ट बसवा. सेफ्टी पिना वाटतात त्याच्या दुप्पट लागतात. ठुशी, लक्ष्मीहार, वेण्या भुलेश्वरला मिळतील. रांगोळीच्या पावलांचा छाप, ओलांडायला धान्याचं माप आणि वाजवायला थाळी दाराशी तयार ठेवा. ‘गौर आली, कशाच्या पावलांनी आली? सोन्याच्या पावलांनी आली’ हे म्हणायला दोघी तरी लागतात, शेजारणीला आधीच सांगा.

नैवेद्यात पहिल्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. सोळा भाज्यांची रीत असेल तर भाजीवालीला चार दिवस आधी सांगून प्रत्येकातलं मूठभर घ्या. पोवत्याचा, म्हणजे गौरीपुढे पुजायचा, दोरा हळदीत भिजवून, सोळा गाठी मारून ठेवा.

तिखटाच्या घरांनी लाजू नये. कोकणातल्या कितीतरी घरांत गौरीला वडे-सागोती होते, सीकेपी आणि कोळी घरांत चिंबोऱ्या नाहीतर मासळी. माहेरवाशीण आली आहे, तिला काय आवडतं ते करायचं, एवढं सरळ. काही जण म्हणतात की तो मान गौरीबरोबर आलेल्या शंकराच्या गणांचा. गणपती मात्र शाकाहारी, म्हणून कित्येक घरी मध्ये पडदा धरतात. तो स्वच्छ पडदाही यादीत लिहा. मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, गिरणगावात त्या सकाळी रांग लागते.

घरात नवी नवरी असेल आणि गौरी पूर्वा नक्षत्रात (हे पावसाचं, म्हणजे सूर्याचं नक्षत्र, वरचं अनुराधा चंद्राचं) येत असतील, तर कोकणी घरात ओवसा, म्हणजे नव्या सुनेने भरलेली सुपं गौरीला वाहायची रीत. पाच सुपं, त्यांत पत्री, फळं, सुकामेवा, खण, नारळ. सुपं गणपतीच्या आठवड्यात महाग होतात, श्रावणातच घेऊन ठेवा. सुनेने सूप दिलं की वडीलधाऱ्यांनी तिला काहीतरी द्यायचं असतं, ते कोण काय देणार हे मोठ्यांनी आपसांत बोलून घ्यावं. तिच्यासमोर घासाघीस नको.

आपली कानडी मैत्रीण तुम्हाला सांगेल की त्यांच्याकडे गौर तृतीयेला, गणपतीच्या आधीच येते आणि मुलगा मागून आईला न्यायला येतो. वाद घालू नका, ओटी भरा.

विसर्जनाच्या पिशवीत दहीभात, खोबरं-साखर आणि एक झाकणाचा डबा. मूर्ती पाण्यात गेली की तिथली थोडी वाळू घरी आणून चारी कोपऱ्यांत, कपाटात, तांदळाच्या डब्याभोवती टाकायची. कहाणीतल्या गौरीनेही जाताना वाळूच दिली होती, घरभर टाक म्हणून. महापालिकेच्या कृत्रिम तलावात वाळू नसते. तिथे विसर्जन करणार असाल तर डबा आदल्या दिवशी चौपाटीवर जाऊन भरून आणा, आणि त्यावर नाव लिहा, नाहीतर कोणीतरी तो घासून ठेवतं.