विहिरीच्या पाण्याचा दावा: झटपट निकालाच्या नादात होणाऱ्या चुका

एप्रिल उजाडला की माझ्या टेबलावर विहिरीचे कागद यायला लागतात. काटोल-नरखेडकडचा संत्रावाला, आंबिया बहराची फळं झाडावर, आणि शेजाऱ्याने धुऱ्यावरून गेलेला पाइप उखडून फेकलेला. पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं: "वकीलसाहेब, यात चालवायचं काय हाये? सगळं समोर दिसते. सरळ निकाल मागा ना." हल्ली मोबाइलवर वाचून 'समरी जजमेंट' हा शब्दही सोबत येतो.

ते इथे मिळत नाही. पुरावा न नोंदवता निकाल देण्याची तरतूद, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेतला ऑर्डर 13-अ, 2015 च्या व्यावसायिक न्यायालय कायद्याने आली. ती व्यावसायिक वादांपुरतीच, तेही किमान 3 लाख रुपयांच्या. दोन वावरांमधली विहीर त्यात बसत नाही. ऑर्डर 37 चा समरी सूट चेक, वचनचिठ्ठी, लेखी करार अशा पैशांच्या वसुलीसाठी. उरतो ऑर्डर 12 नियम 6, म्हणजे समोरच्याच्या कबुलीवर निकाल. पण शेजारी कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, "हे पाणी घेत होते" एवढं म्हणाला तर ती वापराची कबुली झाली, हक्काची नव्हे. या दोन्हींत फरक न केल्यामुळे कितीतरी अर्ज फेटाळले जातात.

मोबाइलवर आणखी एक गोष्ट सापडते: "ज्याने आधी पाणी वळवलं, त्याचा हक्क आधी." हा कायदा खरा आहे, पण कोलोरॅडोचा. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो 1882 साली पक्का केला. योगायोग असा की आपला सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीतून पाणी, वाट असा वापर करण्याचा हक्क) कायदाही 1882 चाच, आणि नागपूर ज्या मध्य प्रांतात होतं तिथे तो 1 जुलै 1882 पासून लागू आहे. आपला दावा या दुसऱ्या 1882 वर चालतो.

"त्यांनी घेऊ दिलं होतं"

सगळ्यात महागात पडणारी चूक एका शब्दाची असते. एका प्रकरणात माझ्या अशिलाचं ओलित तीस वर्षांपासून शेजारच्या विहिरीवर होतं. साक्षीदार चांगले, मोटारीची जुनी बिलं हाताशी. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी गोडीत विचारलं, "काका, तुमचे संबंध तर चांगलेच होते ना?" काका खूश झाले. "हो तर! त्यांच्या वडिलांनीच घेऊ दिलं होतं पाणी. लई दिलदार माणूस."

झालं! सुविधाधिकार कायद्याच्या कलम 15 ला 20 वर्षांचा उघड, विनातक्रार, अखंड आणि *हक्काने* केलेला वापर लागतो. परवानगीने घेतलेलं पाणी तीस काय, चाळीस वर्षं घेतलं तरी ती परवानगीच राहते आणि साधारणपणे काढून घेता येते. काकांना खोटं बोला असं कोणी सांगणार नाही. पण दावा लिहिण्याआधी हे त्यांना विचारायला हवं होतं. वडिलांनी 'घेऊ दिलं' की विहीर खोदताना अर्धा खर्च दिला होता? खर्च दिला असेल, सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' रकान्यात अर्ध्या हिश्श्याची नोंद असेल, तर प्रश्न वहिवाटीचा नाहीच, मालकीचा आहे. स्वतःच्या मालकीवर सुविधाधिकार मागता येत नाही. "मी मालकही आहे आणि 20 वर्षांची वहिवाटही आहे" असं एका दमात लिहिलेलं वादपत्र दोन्हीकडून फाटतं.

नोंद शोधताना आपल्याकडचे लोक सातबाऱ्यावरच थांबतात. विदर्भात गावाचा वाजिब-उल-अर्जही काढून बघा. ओलिताच्या आणि वाटेच्या जुन्या रूढी त्यात नोंदलेल्या असतात. कागद पिवळा पडलेला असतो, वाचायला डोळे ताणावे लागतात. पण चार साक्षीदारांचं काम एक ओळ करून जाते.

वाट बघणं

पाणी बंद झालं की आधी गावात बैठक, मग पोळ्यानंतर बघू, मग दिवाळीनंतर. कलम 15 ची ती 20 वर्षं दावा दाखल होण्याआधीच्या 2 वर्षांच्या आत संपलेली असावी लागतात. त्याहून उशीर केला तर जमवलेली वर्षं हातची जातात.

खरी घाई करायची असेल तर रस्ते वेगळे आहेत. शेतीचं पाणी बेकायदा अडवलं असेल तर मामलतदार न्यायालय कायदा, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे जाता येतं, पण 6 महिन्यांच्या आत. पाण्यावर हक्क आहे, फक्त पाइप दुसऱ्याच्या वावरातून न्यायचा आहे, तर जमीन महसूल संहितेचं कलम 49 पुरतं. पाइप किमान अर्धा मीटर खोल टाकावा लागतो. धुऱ्यावर उघडा पसरलेला पाइप म्हणजे भांडणाला आमंत्रणच. आणि दिवाणी कोर्टात दावा टाकलाच तर सगळी मेहनत निशाणी 5 वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर घ्या. झाडं वाळली तर भरपाईने भागणार नाही, हे तिथे फोटो-तारखेसह दाखवावं लागतं.

बोअरवेल

"त्याने बोअर मारली, माझी विहीर आटली." यावर सुविधाधिकाराचा दावा टिकत नाही. जमिनीखाली झिरपणारं, ठरावीक प्रवाह नसलेलं पाणी ज्याच्या वावरात निघालं त्याने काढावं, असंच कलम 7 सांगतं. तक्रार न्यायची ती भूजल कायद्याकडे. 2009 चा हा कायदा 1 जून 2014 पासून अमलात आला, आणि 60 मीटर किंवा अधिक खोलीची विहीर त्यात 'खोल विहीर' ठरते. शेजाऱ्याच्या बोअरची खोली नेमकी किती, हे वादपत्रात लिहिलेलं मी फार क्वचित पाहिलंय.

कालव्याचं पाणी असेल आणि सरकार प्रतिवादी असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची नोटीस आणि 2 महिने थांबणं आलं. तातडी असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन नोटिशीविना दावा टाकता येतो, पण ती परवानगी मागायची असते, गृहीत धरायची नसते.

पाइप तोडतानाचा व्हिडिओ असेल तर मूळ मोबाइल विकू नका. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, ते व्हॉट्सॲपवर फिरून आलेल्या तुकड्यावर करायचं म्हणजे डोकेदुखी. आणि रात्री जाऊन पाइप स्वतःच जोडू नका. एका अशिलाने तेच केलं. सकाळी तो मनाई मागायला माझ्याकडे निघाला, तेव्हा शेजारी ठाण्यात त्याच्याविरुद्ध अतिक्रमणाची तक्रार देऊन परतत होता.