लेकराचा पहिला पासपोर्ट काढताय? आधी बारसं उरका

दिवाळीत सिंगापूरला नणंदेकडे जायचं ठरलं तेव्हा आमची पोरगी दोन महिन्यांची होती, अन् घरात सगळ्यांचं म्हणणं असं की एवढ्याशा जिवाला कशाला पासपोर्ट, आईच्या पासपोर्टवर जाते ना. नाही जात बाप्पा. तिकीट मांडीवरचं असलं तरी तान्ह्या बाळाला स्वतःचा वेगळा पासपोर्ट लागतो.

अन् वेळ कुठे जातो तर पासपोर्टात नाही, जन्मदाखल्यात. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या लेकरांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, दुसरं काही चालत नाही. आधार कार्डाच्या मागे धावू नका, त्याच्यावाचून अडत नाही. दवाखाना जन्माची नोंद महापालिकेत पाठवतो, त्याला २१ दिवसांची मुदत असते, पण बाळाचं नाव ठरलं नसेल तर दाखला बिननावाचा निघतो आणि बिननावाच्या दाखल्यावर पासपोर्ट कसा निघणार?

आमच्याकडे इथंच घोडं अडलं. सासूबाईंचा हट्ट की नाव आत्याच ठेवणार, कानात तीच सांगणार. आत्या सिंगापूरला! नावाशिवाय पासपोर्ट नाही अन् पासपोर्टशिवाय आत्या नाही. शेवटी व्हिडिओ कॉल लावला, मोबाईल पाळण्यात बाळाच्या कानाशी धरला, आत्याने तिकडून कुर्रर्र केलं, झालं बारसं. जन्मापासून वर्षभरात नाव टाकायला फी लागत नाही म्हणून लोक निवांत राहतात, पण तुमची तारीख जवळ असेल तर नाव दवाखान्यातच ठरवून सांगा, बारशाचं जेवण मग घाला.

दाखल्याचं काम, दवाखाना महापालिकेच्या ज्या झोनमध्ये येतो तिथे होतं, तुमच्या घराच्या झोनमध्ये नाही. आम्ही राहतो नागपूरच्या मनीषनगरात, बाळंतपण धंतोलीत, मी पहिल्या दिवशी चुकीच्या झोनमध्ये जाऊन बसली होती. आणि दुसरी गोष्ट, आईचं नाव. माझ्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे आणि दवाखान्यात फॉर्म भरणाऱ्या बाईंनी आपल्या मनानं सासरचं टाकलं, मी झोपेत, नवऱ्याने न वाचता सही ठोकली, अन् ते दुरुस्त करण्यात तीन हप्ते गेले. तर सही करण्याआधी दोघांचे पासपोर्ट समोर ठेवा आणि अक्षर न अक्षर जुळवा, इंग्रजी स्पेलिंगसकट.

दाखला हातात आला की पुढचं सोपं आहे. पासपोर्ट सेवेची सरकारी साईट किंवा एमपासपोर्ट सेवा ॲप, एवढंच वापरा, सारख्या नावाच्या फसव्या साईट्स खूप आहेत, पत्त्यात गव्ह डॉट इन दिसलं पाहिजे. फॉर्ममध्ये पहिल्या रकान्यात बाळाचं आणि वडिलांचं नाव, आडनावाच्या रकान्यात आडनाव. आडनाव रिकामं सोडू नका, एकाच शब्दाचं नाव असलेल्या पासपोर्टवर दुबईकडचा व्हिजिट व्हिसा अडतो. अठरा वर्षांखालच्यांची फी एरवी १००० रुपये, आठ वर्षांखालच्यांना १० टक्के सूट म्हणजे ९००. तात्काळला वरून २००० लागतात, पण दाखलाच चुकला असेल तर तात्काळ काय करणार, त्यापेक्षा वेळेत फॉर्म भरा.

पासपोर्ट सेवा केंद्रातल्या अपॉइंटमेंटला सोबत न्यायचं म्हणजे जन्मदाखला, दोघांचे ओरिजिनल पासपोर्ट आणि सही केलेल्या झेरॉक्स, पासपोर्टवर जुना पत्ता असेल तर आत्ताच्या पत्त्याचा पुरावा, आणि अनेक्स्चर डी, म्हणजे आई-बापाचं संमतीपत्र, साध्या कागदावर दोघांच्या सह्यांचं. नवरा बाहेरदेशी असेल तर त्याने ते तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून पाठवावं, एक बाजूचीच संमती असेल तर अनेक्स्चर सी आहे. दोघांचे पासपोर्ट चालू असतील आणि एकमेकांचं नाव त्यात असेल तर पोलिस व्हेरिफिकेशनची भानगड सहसा येत नाही. नसेल नाव तर आधी आपला पासपोर्ट दुरुस्त करायचा की नाही ते बघून घ्या.

चार वर्षांखालच्या लेकरांचा फोटो आपणच न्यायचा, पांढरा बॅकग्राऊंड, साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटर. स्टुडिओत पोरगी डोळेच उघडेना. मग घरी पांढऱ्या चादरीवर झोपवली, खिडकीच्या उजेडात वरून फोटो काढला, चाळीसेक काढले तेव्हा एक मिळाला, तोंड बंद, डोळे उघडे, कोणाचा हात नाही.

अपॉइंटमेंटला बाळाला न्यावंच लागतं. ए, बी, सी अशा तीन काउंटरवरून जावं लागतं, दूध पाजून झोपवून न्या, डायपर दोन जास्त ठेवा. बाळ आजारी पडलं तर घाबरू नका, वर्षभरात तीनदा तारीख बदलता येते.

पासपोर्ट स्पीडपोस्टने घरी येतो. चिपवाला ई-पासपोर्ट १ एप्रिल २०२४ पासून आधी नागपूर अन् भुवनेश्वरला सुरू झाला, त्यामुळे आमच्या पोरीच्या पासपोर्टला चिप आहे अन् आजोबांच्या नाही, ते रुसून बसलेत. आला की स्पेलिंग लगेच तपासा, तिकीट त्याच स्पेलिंगने काढा, व्हिसाचे दिवस वेगळे धरा. आणि जावळ काढायचं असेल तर व्हिसाचं काम झाल्यावर काढा, नाहीतर फोटोत पोर ओळखू यायचं नाही.