इंग्रजीतलं 'गेट' पाठ करू नका, त्याच्या पुढचा शब्द बघा

भाचीला इंग्रजी शिकवताना तिने मला विचारलं की मावशी गेटचा (get) अर्थ नेमका काय, मिळणे की होणे की पोहोचणे, आणि डिक्शनरी उघडली तर अर्थांची रांगच लागली होती. ती रांग पाठ करायला जाऊ नका, खरंच काही उपयोग होत नाही. आपलं 'लागणे' आठवा ना, भूक लागली, नोकरी लागली, ठेच लागली, पाऊस लागला, रडायला लागला, हे काय आपण यादी करून शिकलो होतो का? सोबतचा शब्द बघून आपल्याला कळतं. गेटचंही तसंच आहे.

आधी मूळ बघू, कारण मूळ कळलं की अर्थ एकमेकांना जोडता येतात. हा शब्द इंग्लंडात व्हायकिंग लोकांबरोबर, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या दर्यावर्दी लोकांबरोबर आला. 793 साली त्यांनी इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या लिंडिसफार्न बेटावरच्या मठावर हल्ला केला आणि पुढे त्यांच्यातले बरेच जण इंग्लंडच्या उत्तर-पूर्व भागात राहिलेच, शेजारी झाले, सोयरिकी झाल्या, मग शब्दही मिसळले. त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेत 'गेटा' म्हणजे मिळवणं, हाती लागणं. जुन्या इंग्रजीत याचंच भावंड होतं पण ते एकटं फारसं यायचं नाही, जोडशब्दातच यायचं, त्यातला एक म्हणजे आजचा फर्गेट. फर्गेट म्हणजे मुळात हातातली पकड सुटणं! आपण 'डोक्यातून निसटलं' म्हणतो तेच की. आणि त्याच जुन्या नॉर्समधून आलेल्या आजच्या आइसलँडिक भाषेत गेटा म्हणजे 'शकणे', हे मला फार आवडतं.

तर बीज एकच, हाती लागणं. आता वाक्यात गेटच्या पुढे काय आलंय ते बघायचं.

पुढे वस्तू असेल तर मिळणे किंवा आणणे. आय गॉट अ जॉब, नोकरी मिळाली. पुढे जागा असेल तर पोहोचणे, आय गॉट होम. आपण इथे सारखं रीच्ड म्हणतो, ते चूक नाही, पण घरगुती बोलण्यात गॉट जास्त सहज वाटतं. पुढे विशेषण असेल तर होणे, गेट टायर्ड म्हणजे दमणे, गेट अँग्री म्हणजे चिडणे (आणि माणसावर चिडलात तर विथ लावा, 'वर'चं ऑन करू नका). लग्नाचं नीट लक्षात ठेवा, दे गॉट मॅरिड म्हणजे लग्न झालं, ती घटना, आणि दे आर मॅरिड म्हणजे लग्न झालेलं आहे, ती अवस्था.

आता आपण मराठी माणसं जिथे हमखास अडकतो ते. आपण म्हणतो 'मी काल केस कापले', कापले सलूनवाल्याने पण आपल्याकडे हे चालतं, म्हणून इंग्रजीतही आय कट माय हेअर म्हणून मोकळे होतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं याने घरी कात्री घेऊन स्वतःच कापले. तिथे म्हणायचं आय गॉट माय हेअर कट, म्हणजे कापून घेतले. सोपी युक्ती म्हणजे मराठीत 'करून घेतलं' बसत असेल तर गॉट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. गाडी दुरुस्त करून घेतली, आय गॉट माय कार रिपेअर्ड. याची रोज दोन-तीन वाक्यं करा, आठवड्यात जिभेवर बसेल.

आणि एक तर अगदी आपलंच वाटतं. आय गॉट टु सी द सी म्हणजे समुद्र बघायला मिळाला, 'बघायला मिळणे' जसंच्या तसं. पण मध्ये हॅव आला की अर्थ फिरतो, आय हॅव गॉट टु गो म्हणजे मला जावंच लागणार, इथे मात्र आपलं 'लागणे' येतं बघा.

आय गेट इट म्हणजे कळलं, हे अवघड वाटायचं कारण नाही, आपणही समजण्याला ग्रहण करणं म्हणतोच, म्हणजे धरणंच. पण म्हणून गेट संस्कृतातून आला असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, कल्पना सारखी आहे, शब्द वेगळे आहेत.

गेट अप, गेट ओव्हर, गेट अलाँग वगैरे जोड्या वेगळ्याच शिकाव्या लागतात, त्या वाचता वाचता येतील.

राहिलं गॉटन, म्हणजे गेटचं अमेरिकेत चालणारं तिसरं रूप. अमेरिकेतल्या नातेवाईकांकडून ऐकून बरेचजण विचारतात की हे चूक आहे का. चूक नाही, उलट जुनं रूप आहे, इंग्लंडमधून गेलेल्या लोकांबरोबर तिकडे गेलं आणि टिकलं, खुद्द ब्रिटनमध्ये मात्र वापरातून बरंचसं गेलं. फर्गॉटन मात्र दोन्हीकडे आहेच. आपल्या शाळांत ब्रिटिश वळण चालतं त्यामुळे भाचीला मी सांगितलंय की पेपरात गॉट लिही, आणि शिकागोच्या मामाशी बोलताना गॉटन म्हणालीस तरी चालेल.