ब्लॅक अँड व्हाइट फिल्मसाठी पर्यावरणाला कमी त्रास देणारा डेव्हलपर कसा निवडायचा

पहिलं म्हणजे बाटलीवर हिरवं पान छापलंय का ते बघू नका, त्या पानाला काडीचाही अर्थ नाही. नेटवर त्या डेव्हलपरची, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या द्रावणाची, सेफ्टी डेटा शीट (धोक्यांची माहिती देणारं पत्रक) शोधा, फुकट मिळते, आणि थेट सेक्शन ३ उघडा, आत काय काय घातलंय ते तिथे असतं, मग सेक्शन १२, पाण्यातल्या जीवांचं काय होतं ते तिथे. बाकीची पानं नंतर सवडीने वाचा.

सेक्शन ३ मध्ये हायड्रोक्विनोन, म्हणजे चित्र उमटवणारं एक रसायन, दिसलं की समजायचं हा आपल्याला नको, कारण ते माशांना आणि पाण्यातल्या बारीक जीवांना फार विषारी आहे. कोडॅकच्या डी-७६ या डेव्हलपरमध्ये १९२७ पासून हेच आहे, जोडीला मेटॉल हे तशाच कामाचं दुसरं रसायन, ज्याची काही लोकांच्या हातांना अशी अ‍ॅलर्जी होते की नंतर थेंबही सहन होत नाही. रिझल्ट झकास येतो, त्याबद्दल वाद नाही. पायरोवाले डेव्हलपर तर या यादीत धरूच नका, पायरोगॅलॉल कातडीतूनसुद्धा आत जातं. रोडिनल या पाणी घालून वापरायच्या घट्ट डेव्हलपरचं जरा वेगळं आहे, आतलं केमिकल काही साधुसंत नाही पण १+५० ला (एक भाग डेव्हलपर, पन्नास भाग पाणी) ५०० मिलीमध्ये जेमतेम १० मिली पडतं आणि बाटली वर्षानुवर्षं टिकते, म्हणजे खराब झाला म्हणून ओतून द्यायची वेळ सहसा येत नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण न वापरता फेकलेला डेव्हलपर कितीही सौम्य असला तरी तो निव्वळ कचराच.

माझी निवड म्हणाल तर अ‍ॅस्कॉर्बेटवाले, म्हणजे व्हिटॅमिन सी च्या घराण्यातले. कोडॅकने १९९६ मध्ये एक्सटॉल आणला तो यातलाच, अ‍ॅडॉक्सचा एक्सटी-३ पण त्याच वळणाचा. हायड्रोक्विनोन नाही, ग्रेन (चित्रातले दाणे) बारीक, शॅडो डिटेल (सावलीतले बारकावे) छान. खोड एकच, हा मरतो तेव्हा सांगत नाही. रंग तसाच, वास तसाच आणि फिल्म कोरी. म्हणून दरवेळी रोलच्या सुरुवातीची कापलेली जीभ उजेडातच थोड्या डेव्हलपरमध्ये टाकायची, पाच मिनिटांत काळीकुट्ट झाली नाही तर रोल टाकायचा नाही. पावडर डिस्टिल्ड पाण्यात कालवा, नळाच्या पाण्यातलं लोह अ‍ॅस्कॉर्बेटला लवकर संपवतं.

आणि नेहमी रोल धूत असाल तर वन-शॉट (एकदा वापरून ओतून देणं) सोडून रिप्लेनिश करा, म्हणजे थोडा ताजा घालून तोच पुन्हा वापरा. एक लिटरची वर्किंग बाटली ठेवायची, ३६ चा एक रोल झाला की बाटलीत आधी ७० मिली ताजा स्टॉक (आणखी पाणी न घातलेला मूळ द्रव), मग वापरलेला परत ओतायचा, बाटलीत न मावता उरेल तेवढाच वाया जाईल. वन-शॉट १+१ मध्ये ३०० मिलीची टाकी धरली तर दर रोलला १५० मिली स्टॉक जातो, फरक तुम्हीच बघा.

आता कॅफेनॉल, म्हणजे कॉफीपासून घरी केलेला डेव्हलपर, ते विचारल्याशिवाय कोणी राहत नाही. १९९५ मध्ये रॉचेस्टरच्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत वर्गात करून बघितलं होतं. एक लिटर पाण्याला निर्जल वॉशिंग सोडा ५४ ग्रॅम, व्हिटॅमिन सी १६ ग्रॅम, स्वस्तातली इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम, याच क्रमाने, २० डिग्रीला साधारण १५ मिनिटं. व्हिटॅमिन सी टाकलं की फसफसतं, घाबरू नका. मी पहिल्यांदा केलं तेव्हा खडे असलेला सोडा ५४ ग्रॅम घातला, निगेटिव्ह एवढ्या पातळ की कडेचे, कारखान्यातूनच आलेले फ्रेम नंबरसुद्धा भुतासारखे, तेव्हा कळलं की दोष एक्सपोजरचा नाही, डेव्हलपिंगचा. खड्यांच्या सोड्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं, तो १४६ ग्रॅम लागतो. वास घाण येतो, आयएसओ ४०० ची फिल्म पोटॅशियम ब्रोमाइड घातल्याशिवाय फॉग होते, म्हणजे सगळीकडे धूसर काळवंडते, आणि घरातलं सामान म्हणजे निरुपद्रवी असंही नाही हां, हे द्रावण चांगलंच अल्कलाइन असतं, डोळ्यांना जपा.

एवढं सगळं करून वापरलेला फिक्सर (डेव्हलपरनंतर चित्र पक्कं करणारं द्रावण) बेसिनमध्ये ओतलात तर मात्र सगळी मेहनत पाण्यात, अक्षरशः. फिल्ममधली चांदी फिक्सरमध्ये उतरते, पाण्यातल्या जीवांना ती वाईट आणि सेप्टिक टँकमधल्या बॅक्टेरियांनाही. स्टॉप बाथच्या (डेव्हलपिंग थांबवणाऱ्या द्रावणाच्या) जागी साधं पाणी चालतं, पण फिक्सरला वेगळा कॅन लागतोच, झाकणावर मोठ्या अक्षरात नाव लिहून. तो भरला की चांदी काढून घेणाऱ्या लॅबकडे किंवा घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या, आणि त्यात डेव्हलपर मिसळू नका.